काका म्हणतात तिथेच उरका, वहिनी म्हणते मला तोंड बघायचंय

प्रश्न : माझा दादा (वय ४४) नोकरीसाठी परदेशात होता. आठ दिवसांपूर्वी सकाळी तो उठलाच नाही. त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राने पोलिसांना कळवलं आणि मग मला फोन केला, कारण दादाच्या फोनमध्ये शेवटचा कॉल माझा होता. तेव्हापासून सगळे फोन मलाच येतात. कंपनीतले गृहस्थ ‘प्रोसेस चालू आहे’ याच्या पुढे बोलत नाहीत. पोस्टमॉर्टेम होणार आहे म्हणे, पण का ते सांगत नाहीत. एका एजंटाचा फोन आला होता, निम्मे पैसे आज भरा, चार दिवसांत बॉडी पोचवतो म्हणाला. हॉस्पिटलच्या कागदावर आमच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलंय. कंपनीने तिथल्या भाषेतला एक कागद पाठवलाय, वहिनीची सही घेऊन परत पाठवा म्हणून. काका म्हणतात, इतके दिवस ताटकळत ठेवण्यापेक्षा तिथेच दहन करून अस्थी आणा. वहिनी दिवसभरात एकच वाक्य बोलते, मला त्यांचं तोंड बघायचंय. मी दोघांच्या मध्ये उभी आहे.

आणखी एक. दादाचा फोन अजून चालू आहे. मी रोज रात्री एकदा लावते आणि रिंग पूर्ण होऊ देते. हे वेडेपणाचं आहे का? नंबर बंद करून टाकू का?

धाकटी बहीण

उत्तर : आधी त्या एजंटाचं बघू, कारण तो आज पुन्हा फोन करणारच. त्याला पैसे पाठवू नका. तो लबाडच असेल असं माझं म्हणणं नाही. पण पोस्टमॉर्टेम व्हायचंय, म्हणजे दादा अजून तिथल्या सरकारच्या ताब्यात आहे. ते सोडतील तेव्हाच पुढचं पाऊल पडणार. जो सुटलेलाच नाही त्याला चार दिवसांत पोचवतो म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे, नाही तर तुम्हाला अडाणी समजतोय.

पैसे न पाठवण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हा खर्च कदाचित तुमचा नसेलच. दादाचा नोकरीचा करार काढा, कंपनीचा ग्रुप विमा होता का विचारा, आणि व्हिसासाठी एखादी पॉलिसी काढली होती का तेही बघा. पार्थिव मायदेशी पाठवण्याच्या खर्चाचं कलम अशा कागदांत पुष्कळदा असतं आणि घरात कुणालाच ते ठाऊक नसतं. काढताना ती पॉलिसी म्हणजे व्हिसाच्या फाइलला लावायचा एक कागद एवढीच असते ना. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, त्यात मृत्यूनंतर परत पाठवण्याचा खर्च येतो. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर (शिक्षण-प्रशिक्षणाच्या देवाणघेवाणीसाठीचा व्हिसा) गेलेल्यांच्या विम्यात तर नेमक्या याच कामासाठी किमान २५,००० डॉलर असावे लागतात. दादा कुठे होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कागद शोधायला तेवढी माहिती लागत नाही. त्याच्या ईमेलमध्ये ‘पॉलिसी’ असं टाकून बघा. मित्राला कपाटातल्या फाइलचे फोटो पाठवायला सांगा.

पॉलिसी सापडली की तिच्यावरच्या चोवीस तासांच्या मदत क्रमांकावर पहिला फोन, बाकी सगळं नंतर. विमा कंपन्यांच्या ठरलेल्या अंत्यसंस्कार कंपन्या असतात. आपण आपल्या मनाने कुणाला तरी नेमलं आणि बिल मागाहून पाठवलं, तर ‘आमची पूर्वपरवानगी नव्हती’ एवढ्या एका ओळीवर ते नामंजूर होऊ शकतं. विमा नसेल तर कंपनीला लेखी विचारा की हा खर्च करारानुसार कोणाकडे आहे. फोनवर नको, ईमेलवर. ‘प्रोसेस चालू आहे’ हे फोनवर म्हणायला सोपं असतं. ईमेलमध्ये लिहायचं म्हटलं की पुढे कसली प्रोसेस, कुणाकडे, कधीपासून, हे आपोआप लिहावं लागतं.

दूतावासाशी बोललात का? पत्रात त्यांचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून विचारते. कंपनीने कळवलं असेल असं धरून चालू नका. व्हिएन्नात १९६३ साली झालेल्या कॉन्सुलर संबंधांच्या कराराच्या ३७व्या कलमाप्रमाणे, परक्या देशाचा नागरिक वारला तर त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवणं तिथल्या अधिकाऱ्यांचं काम आहे. तेव्हा फोन करताना उपकार मागतोय अशा आवाजात बोलू नका. दादाचा पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, ज्या शवागारात ठेवलंय त्याचं नाव, पोलिसांचा नोंद क्रमांक आणि घरच्या वतीने बोलणाऱ्या एकाच माणसाचं नाव, एवढं एका कागदावर लिहून घेऊन बसा.

तो एक माणूस म्हणजे तुम्ही. तसं तुम्ही न ठरवताच झालंय, आता ते रीतसर करून टाका. काका एकीकडून फोन करतायत, वहिनींचे भाऊ दुसरीकडून, कुणी ओळखीचा अधिकारी तिसरीकडून, असं झालं की पलीकडचा कारकून तिघांना तीन उत्तरं देतो आणि घरात भांडण लागतं. मी हे पाहिलंय. घरातल्या सगळ्यांना सांगा की रोज संध्याकाळी अमुक वाजता मी काय झालं ते कळवीन, मधे विचारू नका. काही झालं नसेल तर ‘आज काही हललं नाही’ असं कळवा. तेही कळवावं लागतं.

दूतावास काय करतो आणि काय नाही, याची कल्पना आधीच असलेली बरी. साधारणपणे तो खर्च देत नाही, मृत्यूची चौकशीही करत नाही. स्थानिक अंत्यसंस्कार कंपन्यांची यादी देतो, तिथली पद्धत समजावतो, दादाचा पासपोर्ट रद्द करून तशी नोंद देतो आणि पार्थिव नेण्यासाठीचं ना हरकत पत्र देतो. काही देशांच्या दूतावासांत अडलेल्या नागरिकांसाठी निधी असतो. ऐपत नसेल तर तो आहे का असं सरळ विचारा, त्यात कमीपणा नाही.

आता आडनावातलं ते जास्तीचं अक्षर. तुमच्या पत्रातला घाईचा मुद्दा कुठला असेल तर तो हा, आणि तुम्ही तो सगळ्यात कमी शब्दांत लिहिलाय. हॉस्पिटलच्या पहिल्या कागदावरून मृत्यूची नोंद होते, नोंदीवरून दाखला, दाखल्यावरून भाषांतर, भाषांतरावरून दूतावासाचं पत्र, पत्रावरून विमानाचं कार्गो बुकिंग. एक अक्षर सगळीकडे उतरत जातं. नोंद व्हायच्या आधी हॉस्पिटलला पासपोर्टच्या पानाची प्रत दाखवली तर दुरुस्ती एका सहीने होते. नोंद झाल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि तारखा. आज रात्री झोपायच्या आधी दादाच्या मित्राला पासपोर्टची प्रत घेऊन उद्या सकाळी हॉस्पिटलात जायला सांगा.

माझे मामा परदेशात वारले तेव्हा दाखल्यावर त्यांचं मधलं नाव गळलं होतं. त्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही, मामा आले, सगळं पार पडलं. पुढे दीड वर्ष मामी बँकेत जाऊन ‘हे तेच’ असं सांगत होत्या. नवरा गेलाय हे पटवून द्यायला काउंटरवर उभं राहावं लागणं यासारखं दुसरं काही नाही.

दाखल्याच्या मूळ किंवा प्रमाणित प्रती मात्र भरपूर मागवा. आठ-दहा. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, घराची कागदपत्रं, प्रत्येक ठिकाणी एकेक लागते आणि दुसऱ्या देशातून एक प्रत मागाहून मागवणं हे स्वतंत्र दुखणं आहे. तो देश १९६१ च्या हेग करारात असेल तर दाखल्यावर अपोस्टीलचा शिक्का मारून घ्या, म्हणजे तो परदेशातही ग्राह्य धरला जातो. नसेल तर तिथलं परराष्ट्र खातं आणि दूतावास यांच्याकडून साक्षांकन.

वहिनींची सही मागणारा तो कागद. भाषांतर होईपर्यंत सही नाही. हे कुणी रागावलं तरी चालेल, कंपनी रागावली तरीही. अशा वेळी सहीला येणारे कागद साधारण तीन प्रकारचे असतात आणि दिसायला तिन्ही सारखेच. एक, पार्थिव ताब्यात घेऊन पाठवण्याचं अधिकारपत्र. हे लागतंच. दुसरा, पगार आणि बाकी येणं मिळाल्याची पावती. तिसरा, ‘सर्व हिशेब पूर्ण झाला, यापुढे आमचा कोणताही दावा नाही’ असं लिहून देणं. तिसऱ्यावर सही झाली की दादाचा थकलेला पगार, नोकरीची वर्षं धरून मिळणारी रक्कम, कामामुळे मृत्यू झाला असल्यास भरपाई, सगळं तिथल्या तिथे संपतं. पार्थिव पाठवणं आणि पैशाचा हिशेब ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळ्या कागदांवरच व्हायला हवीत. कुणी म्हणालं की याच्याशिवाय बॉडी सुटणार नाही, तर तेच वाक्य ईमेलवर लिहून मागा आणि ती ईमेल दूतावासाला पाठवा.

अधिकारपत्र तुम्ही स्वतः तयार केलंत तर उत्तम. कुणाला अधिकार देतोय आणि नेमक्या कुठल्या दोन कामांसाठी, ते लिहा : पार्थिव ताब्यात घेऊन अमुक ठिकाणी पाठवणे आणि वैयक्तिक वस्तू ताब्यात घेणे. ‘माझ्या वतीने सर्व व्यवहार करण्यास’ असं ढोबळ वाक्य आलं की खोडा. वस्तूंची यादी करून मागा, फोटोंसकट. घड्याळ, अंगठी, लॅपटॉप, पाकीट, चष्मा. चष्मा लोक विसरतात.

पोस्टमॉर्टेमचं का सांगत नाहीत म्हणालात. सांगण्यासारखं वेगळं काही नसावं म्हणून. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस हॉस्पिटलबाहेर अचानक गेला, जवळ डॉक्टर नव्हता, तर पुष्कळ देशांत कायद्याने हे करावंच लागतं. घरच्यांची संमती त्यात विचारली जात नाही. याचा अर्थ कुणावर संशय आहे असा नाही. मित्रावरही नाही, हे वहिनींना मुद्दाम सांगा, कारण अशा शांततेत घरातली माणसं नको ते तर्क करू लागतात. तुम्ही दोन गोष्टी विचारा. तात्पुरता दाखला कधी मिळेल? आणि तपासणीसाठी एखादा अवयव किंवा नमुना ठेवून घेतला आहे का, असेल तर त्याचं पुढे काय होईल? विषतपासणी किंवा ऊतींच्या तपासणीला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर ‘कारण प्रलंबित’ असं लिहिलेल्या दाखल्यावरही पार्थिव हलवता येतं का, हे त्या देशातल्या अंत्यसंस्कार कंपनीला नेमकं ठाऊक असतं. विम्याला मात्र पुढे अंतिम कारण लागेल, तेव्हा तो अहवाल कुणाकडून मागवायचा तो पत्ता आत्ताच लिहून घ्या.

काकांच्या म्हणण्याला आपण इथे येऊन पोचतो. पोस्टमॉर्टेम आणि नमुने घेण्याचं काम संपल्याचं लेखी हाती येईपर्यंत दहन नको. कारण साधं आहे. पुढे कधी एखादा प्रश्न निघाला, विमा कंपनीने काढला किंवा तुमच्याच मनात निघाला, तर राखेतून उत्तर मिळत नाही. पुरलेलं उकरता येतं, जाळलेलं नाही. क्रूर वाटेल, पण काकांना याच शब्दांत सांगा. त्यांच्या पिढीला आडवळणापेक्षा हे पटतं.

ते काम संपल्यावर मात्र काकांचं म्हणणं हलकं समजू नका. तिथे दहन करून अस्थी आणणं हा पुष्कळ सोपा मार्ग आहे. एका प्रौढ माणसाची रक्षा साधारण दोन ते तीन किलो भरते. तिला रसायनं लागत नाहीत, जस्ताची पेटी लागत नाही, कार्गो लागत नाही. घरचा एक माणूस मांडीवर घेऊन येऊ शकतो. सोबत दहनाचं प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला आणि दूतावासाचं पत्र. कलश लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा घ्या, धातूचा नको. क्ष-किरणाला आतलं दिसलं नाही तर तपासणीतून पुढे सोडत नाहीत, आणि अमेरिकेतले तपासनीस तर प्रवाशाने स्वतः सांगितलं तरी कलश उघडत नाहीत. विमान कंपनीला आधी विचारून ठेवा. दादाला पेसमेकर होता का तेही आठवून सांगा. दहनाच्या उष्णतेत त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो, म्हणून तो आधी काढतात. आणि दहनाची सोय त्या देशात आहे का, हेच मुळात बघा. सगळीकडे ती नसते.

पार्थिव आणणं यापेक्षा जड आहे, सगळ्याच अर्थांनी. मी त्याचं सविस्तर लिहिते, कारण वहिनींना निर्णय घ्यायचा तर त्यांना तो डोळे उघडे ठेवून घेता यायला हवा.

आत्ता दादा शवागारात शीतपेटीत आहे. इतके दिवस झाले म्हणजे हाल होतायत अशी काकांची कल्पना असेल, तर तसं नाही. तिथे ताटकळत तो नाही, आपण आहोत. सुटका झाली की बहुतेक देश आणि विमान कंपन्या एम्बामिंग, म्हणजे शरीर टिकावं म्हणून करायची प्रक्रिया, मागतात. मानेतल्या किंवा जांघेतल्या रोहिणीतून फॉर्मालिनचं मिश्रण आत सोडतात आणि शिरेतून रक्त बाहेर काढतात. एरवी हे काही तासांचं काम. पोस्टमॉर्टेम झालेलं असलं की रक्तवाहिन्या मधेच कापलेल्या असतात, त्यामुळे डोकं, हात, पाय यांना वेगवेगळं द्यावं लागतं आणि वेळ जास्त लागतो. ते करणारा माणूस एम्बामिंगचं प्रमाणपत्र देतो, डॉक्टर किंवा आरोग्य खातं संसर्गजन्य रोग नसल्याचं देतं.

मग पेटी. युरोपातल्या देशांनी १९७३ मध्ये स्ट्रासबर्ग इथे यासाठी करार केला. त्यात पेटी कशी असावी ते मिलिमीटरमध्ये लिहिलंय : बाहेरची लाकडी, निदान २० मिलिमीटर जाडीची, आणि आत झाळून बंद केलेली जस्ताची. किंवा मग ३० मिलिमीटर लाकडाची एकच पेटी, आतून जस्ताचा पत्रा. तळाशी द्रव शोषणारा थर. विमानाने जायची असेल तर आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा ठेवणारी सोय. त्याच करारात या प्रवासासाठी वेगळा परवाना आहे, त्यावर नाव, वय, मृत्यूचं ठिकाण, तारीख आणि शक्य तिथे कारणही असतं. एका अर्थी हा माणसाचा शेवटचा पासपोर्ट. (याच कराराने राख आपल्या कक्षेतून स्पष्ट वगळली आहे. काकांच्या बाजूने आणखी एक मुद्दा.) दुसऱ्या देशांचे नियम तपशिलात निराळे असतील, पण पेटी झिरपू नये आणि कागदाशिवाय हलू नये, हे सगळीकडे सारखंच.

जस्त झाळलेलं असतं, म्हणजे ते घरी नुसतं झाकण उचलावं तसं उघडत नाही. पत्रा कापावा लागतो, कापणारा माणूस आणि हत्यार आधी ठरवून ठेवावं लागतं. दहन करणार असाल तर जस्ताची पेटी भट्टीत जात नाही, म्हणजे उघडणं आलंच. काही पेट्यांना चेहऱ्यावर काचेची खिडकी असते, ती मिळते का ते अंत्यसंस्कार कंपनीला पेटी ठरवतानाच विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

आणि वहिनींचा खरा प्रश्न, चेहरा. दादा सकाळी लगेच सापडला, वेळेत शवागारात गेला, ही जमेची बाजू. एम्बामिंग नीट झालं तर चेहरा ओळखीचा राहतो. अगदी तोच नाही. रंग थोडा वेगळा वाटतो, गाल घट्ट लागतात, आणि पोस्टमॉर्टेमचे टाके केसांखाली जाणवू शकतात. एम्बामिंग झाल्यावर ते करणाऱ्या माणसाला एकच प्रश्न सरळ विचारा : बायकोला दाखवण्यासारखा आहे का? ही माणसं रोज हे पाहतात आणि या प्रश्नाला सहसा खोटं बोलत नाहीत. त्यांचं उत्तर आधी तुम्ही ऐका. फोटो आलाच तर तोही आधी तुम्ही किंवा काकांनी बघा, वहिनींच्या फोनवर तो थेट जाऊ देऊ नका.

निर्णय वहिनींचा आहे. बहुतेक ठिकाणी कायदाही पत्नीलाच पहिली जवळची व्यक्ती मानतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या बाईने नवऱ्याला विमानतळावर सोडलं आणि पुन्हा पाहिलंच नाही, तिला ‘आता उरकून टाकू’ असं दुसऱ्या कुणी सांगू नये. तुम्ही मध्ये उभ्या आहात असं लिहिलंत. मधून बाजूला व्हा, आणि दोघांमध्ये माहिती ठेवा. वहिनींच्या शेजारी बसून सांगा की आणायला इतके दिवस लागू शकतात, चेहरा असा दिसू शकतो, पेटी अशी येईल. मग गप्प बसा. त्या ऐकून म्हणाल्या की तरीही मला बघायचंय, तर आणायचं. म्हणाल्या की राहू दे, अस्थी आणा, तर त्यांनी मन बदललं म्हणून त्यांना नंतर कधी ऐकवायचं नाही.

तिसरी वाटही आहे, ती तुमच्या घरात कुणी बोललेलं दिसत नाही. दादाला वहिनींपर्यंत आणण्याऐवजी वहिनींनाच दादापर्यंत नेता येईल. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी तातडीचा व्हिसा पुष्कळ देश देतात, दूतावासाच्या पत्राने तो लवकर होतो. तिथे त्यांना शवागारात बघता येईल, खोली बघता येईल, त्याचं अंथरूण, त्याचा मित्र. मग दहन तिथेच आणि अस्थी हातात घेऊन परत. काकांचं आणि वहिनींचं, दोघांचंही म्हणणं यात बसतं. वहिनींना प्रवास झेपणार असेल आणि सोबत कुणी जाऊ शकत असेल तरच, हे उघड आहे. माझं विचाराल तर मी हा पर्याय आधी मांडीन.

आणायचंच ठरलं तर पुढचं थोडक्यात. विमानाचं बुकिंग अंत्यसंस्कार कंपनी करते, आपण तिकिटाच्या खिडकीवर करायचं नसतं. हे कार्गो असतं, एअरवे बिलावर, म्हणजे विमानाच्या मालपावतीवर, एचयूएम (ह्यूमन रिमेन्स, मानवी पार्थिव) अशी तीन अक्षरं असतात. थेट विमान मागा, थोडं उशिराचं असलं तरी. मधे विमान बदललं की तिसऱ्या देशाचे नियम लागतात आणि पेटी मागे राहण्याची भीती असते. घेणाऱ्याच्या रकान्यात ज्याचं नाव घालाल तोच माणूस ओळखपत्र घेऊन तिथे हवा, म्हणून नाव अशा माणसाचं घाला जो त्या दिवशी शुद्धीत असेल. वहिनींचं नको. एअरवे बिलाचा फोटो विमान उडायच्या आधी हातात घ्या आणि त्यावरही आडनावाची अक्षरं मोजा.

आम्ही मामांना घ्यायला गेलो तेव्हा सगळे नातेवाईक विमानतळाच्या त्या दारापाशी उभे होते जिथून माणसं बाहेर येतात. फुलं घेऊन. तासाभराने कुणीतरी सांगितलं की ते इकडून येणार नाहीत. कार्गोचं गोदाम पार दुसऱ्या टोकाला होतं, ट्रकच्या रांगेत. तिथे खिडकीवर सीमाशुल्काचे आणि आरोग्य अधिकाऱ्याचे शिक्के घेत फिरलो आणि शेवटी फोर्कलिफ्टवर एक पेटी आली, गोणपाटात शिवलेली. एका बाजूला मोठ्या अक्षरांत ‘हेड’ लिहिलेलं. मामी त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही सांगून ठेवलेल्या गाडीत पेटी बसली नाही. आम्ही मनात माणसाची उंची धरली होती, पेटीची नाही. दुसरी गाडी येईपर्यंत मामा त्या गोदामाच्या ओट्यावर आणि आम्ही सभोवती, भर दुपारी.

तेव्हा पेटीची लांबी, रुंदी आणि वजन आधी मागवा. लाकूड, जस्त आणि बाहेरचं आवरण मिळून वजन सहज शंभर किलोंच्या वर जातं, उचलायला निदान सहा धडधाकट माणसं हवीत. गाडीवाल्याला आकडे सांगा, ‘बसेल हो’ यावर विश्वास ठेवू नका. घराचा जिना, वळण, दार मोजून ठेवा. वर नेता येणार नसेल तर ते आदल्या दिवशी कळलेलं चांगलं.

फोनचं शेवटी ठेवलं होतं. वेडेपणा वगैरे काही नाही, लावत जा. नंबर तर बंद करूच नका. बँकेचे ओटीपी, ईमेलचा पासवर्ड बदलायचा मेसेज, कंपनीच्या पोर्टलचं लॉगिन, सगळं त्याच नंबरवर येणार आहे, आणि विम्याची पॉलिसीही कदाचित त्याच फोनमध्ये सापडेल. मित्राला सांगा, फोन चार्जिंगला लावून ठेव, आणि कुणी भावनेच्या भरात तो पेटीत ठेवायला निघालं तर ठेवू देऊ नकोस. बॅटरी असलेली वस्तू बंद पेटीत विमानात चालत नाही, दहनात तर नाहीच. ओळखीचं कुणी येणार असेल त्याच्या हाती द्यायला सांगा. रात्री तुमची रिंग वाजते तेव्हा खोलीत मित्र एकटाच असतो, त्यामुळे हवं तर आवाज बंद ठेव म्हणावं. आणि त्या नंबरचा रिचार्ज कधी संपतोय, तेवढं त्याला उद्या हॉस्पिटलात पाठवतानाच विचारून घ्या.